डाव्या पायाची चूक

पहिला आवाज आला तो हिच्या पर्सचा. मांडीवरून पर्स उडाली, समोरच्या कप्प्यावर आपटली आणि चष्म्याची डबी, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं असं सगळं पायांशी सांडलं. मग मागून एका व्हॅनचा हॉर्न, शिवी द्यावी तसा लांबलचक. गाडी चौकाच्या अलीकडे, भर रस्त्यात, जागच्या जागी उभी होती. ज्या सायकलवाल्यामुळे हे झालं तो केव्हाच पलीकडच्या गल्लीत शिरला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. खरं म्हणजे त्याच्यासाठी एवढं कचकन थांबायची गरजच नव्हती. ही गाडी विजेवरची आहे. तिच्या वेगाच्या पेडलवरून पाय नुसता उचलला तरी ती आपली आपण मंदावते. आणि उजवा पाय मी उचललाही होता. ब्रेकवर होता तो डावा. मी खाली वाकून पाहिलं तेव्हा तो तिथेच होता, पूर्ण जोर लावून, दुसऱ्याच कुणाचा पाय माझ्या पँटमध्ये येऊन बसावा तसा. "अहो, काय झालं?" मानेला हात लावत ही म्हणाली. "काही नाही. चुकून," मी म्हणालो, आणि तिचं सामान गोळा करायला वाकलो, म्हणजे तिच्याकडे बघावं लागणार नाही.

'चुकून' हे काही उत्तर नव्हे, हे मला कळायला हवं होतं. माझा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. चुकांवरच आमचं पोट होतं. तिथे मी अगदी सुरुवातीला शिकलो की चुकांच्या दोन जाती असतात. एक हाताची आणि एक डोक्याची. एकदा मालकांनी खिळ्यांच्या केसांची, म्हणजे अक्षरं ठेवायच्या खणांच्या पेट्यांची, मांडणी बदलली, काही अक्षरांचे खण इकडचे तिकडे केले. खिळे जुळवणारे आमचे सगळ्यात जुने जुळारी, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांचा हात पुढे कितीतरी महिने जुन्याच खणाकडे जायचा. 'मन' जुळवायला घ्यावं आणि कागदावर 'वन' उमटावं. मामा स्वतःवरच हसायचे. "डोकं नव्या घरी राहायला गेलं रे, हात अजून जुन्याच घरचं दार वाजवतोय." ती हाताची चूक. तिची भीती कुणालाच नव्हती. डोक्याची चूक वेगळी. माझे थोरले भाऊ शेवटच्या काही वर्षांत 'चष्मा दे' म्हणायच्या ऐवजी 'छत्री दे' म्हणायचे. चष्मा हातात दिला की नाकावर चढवायचे, पण आपण छत्री म्हणालो हे त्यांना कळायचं नाही. मी समोर बसून मनातल्या मनात समासात दुरुस्ती करत राहायचो. पुढे ते मलाच 'मास्तर' म्हणू लागले, आणि एखाद्या मास्तरांशी बोलावं तसं अदबीने बोलू लागले. ती दुरुस्ती कुठे करायची ते मला सुचलं नाही. त्या चौकातून घरी येईपर्यंत मी एकच गोष्ट स्वतःला विचारत होतो. माझ्या पायाची चूक कोणत्या जातीची? आणि हे ठरवायचं कुणी? चुकणाऱ्याला कळलं असतं तर भावाने छत्री मागितली असती का?

असल्या भिडस्त माणसाला वेगवान गाड्यांचा नाद कसा लागला, हे मलाही धड सांगता येत नाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. लग्नात हिचं नाव घ्यायचा आग्रह झाला तेव्हा मी घाम पुसत नुसतं हिच्याकडे बोट दाखवलं होतं. ती गोष्ट हिच्या माहेरची मंडळी अजून मीठमसाला लावून सांगतात. पण तरुणपणी एका दंतवैद्याच्या आवारात ताडपत्रीखाली गंजत पडलेली दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार मला दिसली आणि मी, ज्याला दुकानात भाव विचारायची लाज वाटते, त्या वैद्याचं दार वाजवून म्हणालो, "ही मला द्याल?" ती सुरू करण्यात काही वर्षं गेली. ही तिला ठेंगणी म्हणायची. ठेंगणीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घालायची. इंजिनाचा आवाज पाठीच्या कण्यातून चढायचा. वळणाआधी गियर खाली घ्यावा, डावा पाय क्लचवर दाबावा, उजव्याच्या चवड्याने ब्रेक आणि टाचेने किंचित पेट्रोल द्यावं, आणि सगळं एका क्षणात जुळून आलं की मागचा धूर काढणारा पाइप एक खोल हुंकार द्यायचा. बाहेर मी कुणाला एक वाक्य धड ऐकवू शकत नव्हतो. तिथे मी बोलत असे. लेकीला गाडी शिकवली तीही ठेंगणीतच. क्लच इतका जड की तिला दोन्ही हातांनी सीट धरून तो दाबावा लागायचा. मी एकच मंत्र दिला होता, "गडबड झाली की आधी डावा पाय. बाकी नंतर." डावा पाय दाबला की इंजिन बंद पडत नाही, चाकं इंजिनापासून सुटी होतात, विचार करायला श्वासभर वेळ मिळतो. ती प्रत्येक खड्ड्याला मोठ्याने म्हणायची, "डावा पाय! डावा पाय!" रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं कवायत चालली आहे.

शेवटी तोच पाय संपला. क्लच दाबून दाबून गुडघ्याची वाटी झिजली. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठेवा नाहीतर गाडी ठेवा. जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक गृहस्थ ठेंगणीवर बरेच दिवस डोळा ठेवून होता. त्याच्याकडे विजेवर धावणारी, स्पर्धेच्या गाड्यांना लाजवणारी एक गाडी होती आणि तो तिला कंटाळला होता. "पळते भन्नाट, पण काही बोलतच नाही हो," तो म्हणाला. आम्ही अदलाबदल केली. ठेंगणी आमच्या फाटकातून बाहेर पडताना हुंकारली, आणि मी त्या नव्या गाडीत डाव्या पायाशी काय करावं हे न कळून बसून राहिलो. तिथे पेडलं दोनच. डाव्या पायाला नुसती टेकायला एक पायरी. 'डावलणं' हा शब्द कुठून आला असेल ते मला त्या दिवशी कळलं, निदान तसं वाटलं. व्युत्पत्तीच्या बाबतीत माझे अंदाज नेहमीच चुकतात.

हिने गाडीचं नाव ठेवलं मुकी. मुकी पहिल्यांदा मोकळ्या रस्त्यावर दाबली तेव्हा डोकं मागच्या उशीला आदळलं, पोट मागे राहिलं आणि आम्ही पुढे गेलो. ना गियर, ना दम खाणं. मनात यायच्या आत वेग. मी घाबरलो आणि मग, खोटं का बोलू, पोरासारखा हसलो. तळाशी बॅटरीचं वजन असल्यामुळे वळणावर ती रस्त्याला चिकटून बसायची. पण पहिले काही महिने मला ती परकीच वाटली. संध्याकाळी तारेला जोडून ठेवावी आणि सकाळी तिने आपणहून काहीतरी नवीन शिकून ठेवलेलं असावं, पडद्यावरची बटणं जागा बदललेली असावीत. मी उभा, पोथी उघडावी आणि पानं मागेपुढे झालेली दिसावीत तसा. त्या पडद्यात इंजिनाचा नकली आवाज लावायची सोयही होती. एकदा लावून पाहिला. दातांची डॉक्टर असलेल्या आमच्या लेकीने तो ऐकला आणि म्हणाली, "बाबा, ही आवाजाची कवळी आहे. काढा." मी काढली. मग मुकी खरोखर मुकी झाली, आणि त्या शांततेत मला एक निराळाच आवाज ऐकू आला. ही पाट्या वाचत होती. हलक्या आवाजात, स्वतःशीच. "सायली शिलाई केंद्र... दाढी-कटिंग... इथे कचरा टाकू नये, आज्ञेवरून, म्हणजे कुणाच्या?" मी विचारलं, हे केव्हापासून? ती म्हणाली, "पहिल्यापासून. तुमच्या त्या ठेंगणीच्या ठणाण्यात तुम्हाला काय ऐकू जाणार? मी मेली ओरडले असते तरी कळलं नसतं." एवढी वर्षं ती माझ्या शेजारी बसून सगळं शहर वाचत आली होती, आणि मी, ज्याचं पोटच वाचण्यावर, त्यातला एक शब्द ऐकला नव्हता. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमची फेरी ठरून गेली. ती वाचायची, मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचो. टेकडीवरच्या रस्त्याने वर जायचं आणि उतरायचं. उतरताना पाय उचलला की चाकंच वीज तयार करतात. पडद्यावरचा बॅटरीचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी हळूच वाढतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला छपाईची चूकच वाटली. मी हिला म्हणालो, "उतारावर परत मिळतंय." ती म्हणाली, "मग उतारवयाला नावं कशाला ठेवता?"

चौकातल्या त्या दिवसानंतर हिच्या मानेला पांढरा पट्टा आला. मान लचकली होती, फार काही नव्हतं, पण आरशासमोर ती उभी राहिली की मी खोलीतून बाहेर जायचो. लेक दुसऱ्या दिवशी दवाखाना आटोपून आली. समोरच्याला तोंड उघडायला लावणं हाच तिचा धंदा, पण माझ्यापुढे तिची हत्यारं चालत नाहीत. "ब्रेक का दाबलात एवढ्या जोरात?" तिने विचारलं. मी म्हणालो, "दाबला गेला." "दाबला गेला म्हणजे? भुताने दाबला?" ही आतून म्हणाली, "अगं, सायकलवाला आला मधे." "आई, तू गप्प बस, मान हलवू नकोस. बाबा, मी काय विचारतेय?" मला सांगता आलं असतं की तो पाय क्लच शोधत होता. पण तसं सांगितलं आणि ते खरं नसलं तर? क्लच सोडून आता कितीतरी दिवस झाले होते. मग त्या पायाला त्याच वेळी का आठवावं? मी वर्तमानपत्राची घडी उलगडली. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत मला माझीच नजर दिसली, भावासमोर बसून समासात दुरुस्ती करणारी. हळू आवाजात ती म्हणाली, "रविवारी येते आणि गाडी माझ्याकडे घेऊन जाते. थोडे दिवस. फिरायचं असेल तेव्हा मी नेईन ना दोघांना." थोडे दिवस! भावाच्या हातून घराची किल्ली काढून घेताना मीही हेच दोन शब्द वापरले होते.

रविवार येईपर्यंत मी रोज सकाळी खाली जाऊन बंद गाडीत बसायचो. वॉचमनला वाटायचं, साहेब कुठेतरी निघाले. पण साहेब कुठे जात नव्हते. मी डावा पाय पायरीवर टेकवायचो आणि स्वतःला दचकवायचा प्रयत्न करायचो. मनात म्हणायचो, सायकल! पाय हलायचा नाही. अर्थातच हलायचा नाही. आपणच आपल्याला गुदगुल्या केल्या तर हसू येतं का? एकदा ही खाली आली, पट्ट्यामुळे अख्खं अंग वळवून खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाली, "काय चाललंय? पायाची शाळा?" मी तिला सगळं सांगून टाकलं. क्लचचं, हाताच्या आणि डोक्याच्या चुकीचं, भावाच्या छत्रीचं. तिने खिडकीवर हात टेकला. मग म्हणाली, "डोक्याचं मला कळत नाही. पण त्या पायातला जोडा काढून बसा. अनवाणी पायाला कळतं आपण घरात आहोत, कामावर नाही." मला हसू आलं. तिलाही आलं, पण मानेमुळे हसता येईना. "लेकीला सांगा हे," ती म्हणाली. "निदान विचारू तर द्या तिला दुसऱ्यांदा."

रविवारी लेक आली ती बसने, परत जाताना मुकी न्यायची म्हणून. मी किल्ली म्हणजे ते कार्ड तिच्या हातात ठेवलं. चार्जिंगची तार कशी काढायची ते दाखवलं. तिची स्वतःची गाडी साधी, गियरची. रोज दवाखान्याच्या वाटेवर तीच दामटते. ती मुकीत कधी चालवायला बसली नव्हती. "चला, एक चक्कर मारू, शिकवा मला," ती म्हणाली. मला वाटतं ते माझ्यासाठी होतं, शेवटची भेट असावी तसं. मी शेजारी बसलो. ही बाल्कनीत उभी होती, हात हलवला. आम्ही टेकडी चढलो. लेक सुरुवातीला बिचकली, मग एका सरळ पट्ट्यावर तिने पाय दाबला आणि "आई गं!" म्हणून ओरडली, आणि लगेच हसली. तेच पोरासारखं हसणं. उतरताना मी तिला पडद्यावरचा आकडा दाखवला. "वाढतोय की! बाबा, हे तर फुकट!" ती म्हणाली. मी म्हणालो, "फुकट नाही, वर चढताना दिलं होतं त्यातलंच थोडं." मग माझ्या मनात आलं, आता सांगावं. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. मी खिडकीबाहेर बघत वाक्य जुळवत राहिलो. पहिला शब्द कोणता घ्यावा, 'पाय' की 'क्लच' की 'भीती'. टेकडी संपली, घरं सुरू झाली, एका फाटकातून लाल रंगाचा चेंडू उड्या मारत रस्त्यावर आला.

लगेच अंधारल्यासारखं झालं, म्हणजे सीटचा पट्टा छातीत रुतला आणि माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी जागच्या जागी उभी होती. चेंडू पलीकडच्या कट्ट्याला लागून संथपणे परत येत होता. मागे कुणी नव्हतं. लेक दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, तोंड उघडं टाकून बसली होती. मग तिने खाली पाहिलं. मीही पाहिलं. तिचा उजवा पाय हवेत होता आणि डावा ब्रेकवर, पूर्ण जोर लावून. आणि माझ्याकडच्या बाजूला, जिथे पेडलं नव्हती, काहीच नव्हतं, तिथे माझा डावा पायही चटईत तेवढ्याच जोराने रुतला होता. आमचे दोन डावे पाय, एकाच गाडीत, एकाच नसलेल्या क्लचवर. फाटकातून एक बाई आली, चेंडू उचलला, आमच्याकडे बघून हात जोडले आणि आत गेली.

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी..."

"हो," मी म्हणालो.

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला खात्री नव्हती," मी म्हणालो. आणि वाक्य आपोआप पुढे आलं, जुळवावं लागलं नाही. "मला वाटलं, तुझ्या काकांसारखं सुरू झालं."

तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. डोळे पुसले की घाम, मला दिसलं नाही, कारण मी पुन्हा खाली पायांकडे बघत होतो. मग ती एकदम हसायला लागली. "गडबड झाली की आधी डावा पाय! काय शिकवलंत हो मला! पेशंटच्या दाढेला हात घालताना हात थरथरला तरी माझा डावा पाय खाली जातो, तुम्हाला माहीत आहे? नर्स विचारते, मॅडम, पाय का आपटता?" मीही हसलो. गाडीत आवाज नव्हता म्हणून आमचं हसणं फार मोठं वाटलं. थोड्या वेळाने ती डॉक्टरच्या आवाजात म्हणाली, "पण तपासणी करायची. डोळे, गुडघा आणि डोकंसुद्धा. नाटकं नाहीत." मी म्हणालो, "करू." "आणि या पायाचं काहीतरी करायचं. माझ्याही." तेव्हा मी तिला तिच्या आईचा उपाय सांगितला. ती बघतच राहिली. मग दार उघडून खाली उतरली, माझ्या बाजूला आली आणि म्हणाली, "सरका. बसा तिकडे. जोडा द्या इकडे."

मी मुकी चालवत घरी आणली. डावा पाय अनवाणी, पायरीच्या गार रबरावर. तो गारवा त्याला सतत कळत होता, आणि कळत होतं म्हणूनच बहुधा तो जागचा हलला नाही. एकदा एक मांजर आडवं गेलं तेव्हा बोटं तेवढी आखडली. लेक माझा जोडा मांडीवर घेऊन बसली होती, बाळ धरावं तसा. खात्री मला तेव्हाही नव्हती, आताही नाही. अहवाल येतील, डॉक्टर काय ते सांगतील. पण पायाच्या त्या चुकीला आता दुसरी साक्ष होती. एकाच पानावर एकच चूक दोघा जुळाऱ्यांच्या हातून झाली तर आम्ही डोकं तपासत नसू, खिळ्यांची केस तपासत असू.

ही खाली फाटकाशी येऊन थांबली होती. गळ्यातला पट्टा काढून तिने हातात घेतला होता. माझ्या पायाकडे बघितलं, लेकीच्या मांडीवरच्या जोड्याकडे बघितलं. "म्हणजे सांगितलंत," ती म्हणाली. "बरं झालं. एका पायावर तयार दिसताय. मग थांबलात कशाला?" लेक मागे गेली, जोड्यासकट. ही पुढे बसली, पट्टा पुन्हा मानेला लावला, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी उजवा पाय हलकेच टेकवला. मुकी निघाली, इतकी हळू की झाडावरचं पाखरूही उडालं नाही.

पहिलं वळण होईपर्यंत हिने एकही पाटी वाचली नाही. मी वाट बघत होतो. आमच्या छापखान्यात एक खूण होती, मी ती फार क्वचित वापरली. एखाद्या शब्दावर आपण चुकून काट मारली आणि मग पटलं की तो बरोबरच होता, किंवा चुकीचा असला तरी त्यालाच राहू द्यावं, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'असू दे'. काट मारण्याची मला सवय होती. टिंबं द्यायला हात धजत नसे.

दुसऱ्या वळणावर हिने किंचित पुढे होऊन, मान न हलवता, नुसते डोळे वळवून वाचलं, "घड्याळ दुरूस्ती... अहो, यांनी रू दीर्घ काढलाय."

"असू दे," मी म्हणालो.